जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचे सुकाणू : ढिलाई, जडपणा व सुधारणेचा क्रम

वाहनाच्या सर्व अवयवांत सुकाणूची यंत्रणा सर्वांत कमी लक्ष वेधून घेते. इंजिन बंद पडले की वाहन थांबते आणि ब्रेक कमी लागू लागले की चालक सावध होतो. सुकाणूचा दोष मात्र महिन्यामहिन्यांनी, केसाकेसाने वाढत जातो. चालकाचा हात नकळत त्याला सरावतो आणि सरावलेला हात दोषाला दोष म्हणून ओळखत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जीप व जीपवर आधारलेले पिकअप आजही खानदेशात शेतीच्या, बागायतीच्या वा हौसेच्या कारणाने वापरात ठेवणाऱ्यांची संख्या थोडी असली, तरी त्यांच्यापुढचा हा प्रश्न थोडा नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू या यंत्रणेची रचना समजावून देऊन तिच्या सुधारणेचा योग्य क्रम कोणता, हे सकारण मांडण्याचा आहे.

लेखाचे मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगून टाकणे बरे. सुकाणूचे रोग दोन : ढिलाई आणि जडपणा. दोहोंची कारणे वेगळी आहेत, आणि एकावरचा उतावळा उपाय बहुधा दुसऱ्याला जन्म देतो. म्हणून सुधारणेचा आरंभ रस्त्याला टेकलेल्या टोकापासून, म्हणजे टायरपासून, करावा आणि शेवट चालकाच्या हातातील चाकापाशी करावा. प्रत्यक्षात याच्या नेमका उलट क्रम पाळला जातो. हाती चाक ढिले लागले की प्रथम सुकाणूपेटीचा स्क्रू आवळला जातो, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

वाहने व परिसर

आपल्याकडील जीपचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीस जीपच्या व्यवसायात पाऊल टाकले आणि पुढे माझगाव येथे जीपची जुळणी केली. अमेरिकेत सीजे-३बी हा नमुना १९५३ साली आला व तेथे १९६८ पर्यंत निघाला. भारतात त्याचे उत्पादन त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. १९६५ साली महिंद्रने एफसी-१५० हा पेट्रोलवर चालणारा छोटा मालट्रक आणला. त्यात चालकाची खोली इंजिनाच्या मागे नसून त्याच्या वर, थेट पुढच्या आसावर होती. मागे मालाची मोकळी पेटी आणि चारही चाकांना चालना, अशी त्याची ठेवण असल्याने 'जुना फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप' हे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते. याखेरीज साध्या जीपच्या चासीवर मागे मालपेटी बसवून केलेली वाहनेही पुष्कळ होती.

आपला परिसर अशा वाहनांच्या सांध्यांची कठोर परीक्षा घेणारा आहे. भुसावळजवळच्या दीपनगर येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला. १९७९ व १९८२ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॅटचे दोन संच आणि त्यानंतर ५०० मेगावॅटचे दोन संच त्यात जोडले गेले. जवळूनच सुरत–धुळे–जळगाव–नागपूर हा महामार्ग जातो. त्याचा जुना क्रमांक ६, आताचा ५३. महामार्गावर वेग मिळतो. तो सोडून शेताच्या वाटेला लागताच तापीकाठची काळी माती सुरू होते, जी उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात चाकाला चिकटून बसते. त्यात वीजकेंद्राच्या आसपासच्या रस्त्यांवर कोळशाची व राखेची बारीक भुकटी मिसळते. या राखेत सिलिका व अल्युमिना ही द्रव्ये प्रामुख्याने असतात. ग्रीसमध्ये ती मिसळली की वंगणाचे काम न होता पॉलिश-कागदासारखे घासण्याचे काम होते. एकाच दिवसात महामार्गाचा वेग आणि काळ्या मातीचे हिसके दोन्ही सोसावे लागणाऱ्या वाहनाला सुकाणूची हयगय परवडत नाही.

हातापासून चाकापर्यंत

सीजे-३बी व तिच्या पूर्वीच्या जीपमधील रचना समजून घेतली, म्हणजे बहुतेक जुन्या वाहनांची रचना समजणे सोपे जाते. चालकाच्या हातातील चाकाचा दांडा खाली सुकाणूपेटीत शिरतो. रॉस पद्धतीच्या या पेटीत दांड्याच्या टोकाशी वळणावळणाची खाच असलेला एक कॅम असतो. त्या खाचेत तरफेवरील दोन निमुळत्या खुंट्या बसलेल्या असतात. चाक फिरले की खुंट्या खाचेतून सरकतात, तरफेचा आडवा दांडा फिरतो आणि त्याच्या बाहेरच्या टोकावरील पिटमन आर्म पुढे-मागे झुलतो. पेटीचे गुणोत्तर साधारण बारा ते चौदास एक असते. म्हणजे हातातील चाक चौदा अंश फिरले की पिटमन आर्म सुमारे एक अंश फिरतो.

पिटमन आर्मपासून ड्रॅग लिंक नावाचा दांडा पुढे जातो व चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर बसविलेल्या बेल क्रँकला मिळतो. बेल क्रँक ही खुंटीभोवती फिरणारी तरफ असून ती पुढे-मागे होणाऱ्या हालचालीचे रूपांतर डाव्या-उजव्या हालचालीत करते. तिच्यापासून दोन टाय रॉड, एक लांब व एक आखूड, दोन बाजूंच्या चाकांच्या नकलला जातात. नकल हा चाकासह वळणारा भाग होय. तो वरखाली बसविलेल्या दोन किंग पिन बेअरिंगांवर फिरतो. पुढच्या चाकांनाही चालना असल्याने त्यांचा चालक दांडा याच नकलच्या पोटातून जातो. म्हणून या वाहनांत नकल गोल डब्यासारखा बंदिस्त असतो आणि त्याच्या कडेला धूळ रोखणारे नमद्याचे व रबराचे सील असते.

आता सांधे मोजावेत. सुकाणूपेटीपासून एका चाकापर्यंत ड्रॅग लिंकची दोन टोके, बेल क्रँकची खुंटी, टाय रॉडची दोन टोके आणि किंग पिन असे सहा सांधे होतात. पेटीतील खाच व खुंट्या हा सातवा. पुढील सर्व विवेचन या सात ठिकाणांभोवती फिरते.

ढिलाईचे गणित

प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक असतेच. प्रश्न असतो तो तिच्या बेरजेचा. समजण्याच्या सोयीसाठी नकलच्या बाहूची लांबी १४० मिलिमीटर, एकूण गुणोत्तर चौदास एक आणि हातातील चाकाची त्रिज्या २१५ मिलिमीटर धरू. पेटी सोडून उरलेल्या सहाही सांध्यांत प्रत्येकी पाव मिलिमीटर मोकळीक असेल, तर बेरीज दीड मिलिमीटर होते. १४० मिलिमीटरच्या बाहूवर तिचा अर्थ सुमारे ०.६ अंश होतो. चौदापट होऊन हाताशी ती सुमारे साडेआठ अंश भरते, आणि चाकाच्या कडेवर हे अंतर ३२ मिलिमीटर येते. हीच मोकळीक प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर झाली, तर हाताशी सतरा अंश व कडेवर ६४ मिलिमीटर. त्यात झिजलेल्या पेटीची स्वतःची दहा अंश ढिलाई मिळवली की एकूण सत्तावीस अंश होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९८ प्रमाणे हातातील चाकावरची ढिलाई तीस अंशांहून अधिक असता कामा नये. म्हणजे अर्धा मिलिमीटर ढिला असा प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे पाहिला, तर मिस्त्री त्याला 'चालेल' म्हणेल, आणि सर्वांची बेरीज मात्र कायद्याच्या मर्यादेपाशी जाऊन थांबेल. दोष एका ठिकाणी नसून बेरजेत असल्यामुळे एकच सुटा भाग बदलून समाधान होत नाही, याचे कारण येथे आहे.

तीस अंशांच्या मर्यादेचा रस्त्यावरील अर्थही पाहण्याजोगा आहे. ढिलाईच्या मध्यापासून एका कडेपर्यंत पंधरा अंश, म्हणजे चाकांशी सुमारे एक अंश. ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर चाकांतर असलेली जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता खड्ड्याच्या हिसक्याने चाके एवढीच वळली आणि चालकाने एका सेकंदात ती सावरली नाहीत, तर जीप आपल्या रेषेपासून सुमारे सव्वा मीटर बाजूला सरकते. ही वाईटात वाईट स्थिती आहे, हे खरे. तथापि समोरून मालट्रक येत असता दुपदरी रस्त्यावर सव्वा मीटर म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. कायद्याने घालून दिलेली मर्यादा ही नापास होण्याची रेषा होय. तिच्या आत कुठेतरी असणे एवढेच समाधान पुरेसे मानू नये.

कोनांचे शास्त्र

सांधे घट्ट असूनही वाहन भरकटू शकते. त्याचे कारण चाकांच्या कोनांत शोधावे लागते. सीजे-३बी व तिच्या पूर्वीच्या जीपसाठी निर्मात्याने दिलेले कोन असे : किंग पिनचा वरचा भाग मागे झुकलेला, म्हणजे कॅस्टर ३ अंश, चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला, म्हणजे कँबर दीड अंश, किंग पिनचा आतील बाजूचा कल साडेसात अंश, आणि पुढच्या चाकांच्या पुढील कडा मागील कडांपेक्षा ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर, जवळ असाव्यात. या शेवटच्या मापास टो-इन म्हणतात.

यांपैकी कॅस्टर हा वाहनाला सरळ ठेवणारा गुण होय. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असल्याने हात सोडला तरी ती काही काळ सरळ जाते. येथेही तेच घडते. कॅस्टर कमी झाले की वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही आणि महामार्गावर वाहन सतत सावरावे लागते. जुन्या जीपमध्ये पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाशी असतात. वाहन उंच दिसावे म्हणून हे शॅकल लांब केले की पाट्याचे पुढचे टोक आसाच्या मानाने खाली येते, आस पुढे कलतो व कॅस्टर घटते. उंचीच्या हौसेनंतर 'गाडी रस्त्यावर बसत नाही' अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. आस व पाटे यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची शिम घालून हा कोन पूर्ववत करता येतो. त्यासाठी काटेकोर मोजणी हवी. अंदाजाने घातलेली पाचर नवा दोष निर्माण करते.

वळताना आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक वळावे लागते, कारण ते लहान वर्तुळावर फिरत असते. म्युनिकच्या गेऑर्ग लँकेन्स्पर्गर याने घोडागाडीसाठी ही रचना शोधली व १८१८ साली रुडोल्फ अॅकरमान याने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. तेव्हापासून ती अॅकरमानच्या नावाने ओळखली जाते. तिचा नियम सोपा आहे : बाहेरील व आतील चाकांच्या कोनांच्या कोटिस्पर्शकांतील फरक हा दोन किंग पिनांमधील अंतर भागिले चाकांतर एवढा असावा. किंग पिनांमधील अंतर ४५ इंच व चाकांतर ८० इंच धरले, तर आतील चाक २५ अंश वळले असता बाहेरील चाक सुमारे सव्वावीस अंशच वळले पाहिजे. ही योजना नकलच्या बाहूंच्या तिरकेपणात सामावलेली असते. म्हणून बाहू तापवून वाकविणे किंवा टाय रॉड आसाच्या मागून काढून पुढे बसविणे यांमुळे वाहन वळते खरे, परंतु वळताना टायर घसटत जातात.

जडपणाची कारणे

उभे वाहन वळविण्यास लागणारा जोर मुख्यतः टायर व जमीन यांमधील घर्षणाचा असतो. अभियंत्यांच्या प्रचलित ढोबळ सूत्राप्रमाणे हा जोर चाकावरील भाराच्या दीडाव्या घाताच्या सम प्रमाणात आणि टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. भार सव्वापट झाला तर जोर सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो, आणि दाब निम्म्यावर आला तरीही जोर तेवढाच वाढतो. एफसी-१५० सारख्या वाहनात इंजिन, खोली व चालक यांचा भार पुढच्या आसावर असल्याने सुकाणूचा काही जडपणा जन्मजातच आहे.  मात्र हवेचा दाब पाहणे हा उपाय विनाखर्चाचा असल्यामुळे तो नेहमी पहिला असावा.

मूळच्या अरुंद टायरांऐवजी रुंद टायर व बाहेर उसळलेल्या रिम बसविल्या, तर किंग पिनची रेषा जमिनीला जेथे मिळते तेथून टायरचा मध्य दूर जातो. ही लांबी म्हणजे रस्त्याच्या हाती दिलेली तरफच. खड्ड्याचा हिसका असो वा एका चाकाने आधी धरलेला ब्रेक असो, तो तेवढ्याच प्रमाणात वाढून चालकाच्या मनगटापर्यंत येतो.

जडपणाची आणखी दोन कारणे फोर-व्हील ड्राइव्ह वाहनातच आढळतात. या जुन्या वाहनांत पुढच्या व मागच्या आसांच्या मध्ये भिन्नगतिक दंतचक्र नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब मार्ग कापतात. मऊ जमिनीवर हा फरक टायर घसरून भरून निघतो, डांबरावर तो निघत नाही. परिणामी दांडे पिळले जातात आणि सुकाणू जड होते. म्हणून चारही चाकांची चालना चिखल, वाळू व ढेकळे यांसाठी राखावी व डांबरावर येताच काढावी. दुसरे कारण नकलच्या पोटातील सांध्याचे. मूळच्या समगती सांध्याऐवजी साधा क्रॉस सांधा असेल, तर चाक २५ अंश वळले असता चाकाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दहा टक्क्यांनी कमीजास्त होतो. चिखलात पूर्ण वळणावर चाक हातात धडधडते ते यामुळे. हा दोष टाय रॉड बदलून जाणारा नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम टायरांचा दाब, झीज व रिमची वाकणूक पाहावी. नंतर पुढचा आस जॅकवर घेऊन, आसाखाली भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. हालचाल जाणवली तर चाकाचे बेअरिंग की किंग पिनचे, हे ओळखावे : दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरला असता हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगात, न थांबली तर किंग पिनमध्ये असतो. किंग पिनचे बेअरिंग पातळ शिमा काढून वा घालून आवळले जाते. टाय रॉड सोडवून नकलचा बाहू स्प्रिंगच्या तराजूने ओढावा व नकल फिरविण्यास लागणारा जोर त्या वाहनाच्या निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. ही मोजणी सील काढून करावयाची की ठेवून, हेही पुस्तिकेत पाहावे. सीलचे घर्षण मोजणीत शिरले तर आकडा फसवा येतो. येथे जोर शून्य असणे हाही दोषच होय. विशिष्ट वेगाला चाके एकाएकी डावी-उजवी थरथरू लागतात, त्या भयंकर थरथरीचे एक प्रमुख कारण पूर्वताण हरवलेले किंग पिन हे आहे.

त्यानंतर चाके जमिनीवर टेकवून, इंजिन बंद ठेवून, एकाने हातातील चाक थोडे डावे-उजवे हलवावे व दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. सांध्याची एक बाजू हलते व दुसरी मागाहून हलते, तेथे झीज आहे. ही रीत साधी आहे. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. बेल क्रँकची खुंटी या वेळी विशेष लक्षपूर्वक पाहावी. चासीच्या अगदी पुढे, चिखलाच्या माऱ्यात बसलेली ही खुंटी ग्रीसच्या अभावी आपल्या बेअरिंगासह झिजते. पुष्कळदा सर्व टाय रॉडांची टोके नवी घालूनही ढिलाई राहते, ती या दुर्लक्षित खुंटीमुळे.

सुकाणूपेटी शेवटी. ड्रॅग लिंक सोडवून पेटी स्वतंत्रपणे तपासावी. प्रथम मुख्य दांड्याची लांबीच्या दिशेची मोकळीक शिमांनी काढावी; मगच तरफेचा बाजूचा स्क्रू, चाके सरळ असण्याच्या मधल्या स्थितीत, जुळवावा. वाहन आयुष्याचा मोठा भाग सरळच जात असल्याने खाच मध्यभागी सर्वाधिक झिजते. झिजलेल्या मध्याला घट्ट बसेपर्यंत स्क्रू आवळला, तर न झिजलेल्या कडांशी खुंट्या अडकतात. वळणावर अडकलेले सुकाणू हे ढिल्या सुकाणूपेक्षा अधिक घातक होय. असा प्रसंग येत असेल तर स्क्रू नव्हे, कॅम व तरफ बदलण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

रचनेतील सुधारणा

वरील सर्व झाल्यावरही समाधान न झाल्यास रचनाबदलाचा विचार करावा. पहिली सुधारणा बेल क्रँकची. तिच्या मूळ बेअरिंगाऐवजी नीट रीमर केलेले कांस्याचे बुश व नवी कठीण केलेली खुंटी बसविल्यास, आणि ग्रीसची वेळ पाळल्यास, मूळ रचना चांगली सेवा देते.

दुसरी सुधारणा दोन टाय रॉडांच्या जागी दोन्ही नकलांना जोडणारा एकसंध टाय रॉड घालण्याची. तिचे मर्म आकड्यांनी कळते. मूळ रचनेत टाय रॉडचे आतले टोक चासीवर व बाहेरचे आसावर असते. आस ५० मिलिमीटर वर उचलला गेला, तर आरंभी आडव्या असलेल्या ४०० मिलिमीटरच्या दांड्याचे आडवे माप सुमारे ३ मिलिमीटरने व ६०० मिलिमीटरच्या दांड्याचे सुमारे २ मिलिमीटरने कमी होते. म्हणजे प्रत्येक उसळीला चाकांचे परस्परांशी नाते बदलते, आणि दोन दांडे असमान असल्याने वाहन किंचित एका बाजूला वळतेही. एकसंध टाय रॉडची दोन्ही टोके आसाबरोबरच हलत असल्यामुळे टो-इन उसळीने बदलत नाही.

अशा बदलात ड्रॅग लिंक थेट एका नकलला जोडावी लागते व तिची दिशा फार महत्त्वाची ठरते. ती पुढे-मागे जाणारी असेल आणि पाट्याचे स्थिर टोक आसाच्या मागे असेल, तर पिटमन आर्मही मागेच असल्याने दोहोंचे कंस जवळपास जुळतात. म्हणून ही मांडणी उसळीत निर्दोष राहू शकते. ड्रॅग लिंक आडवी, चासीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूच्या नकलकडे जाणारी असेल, तर ती लांब व टाय रॉडला शक्य तितकी समांतर हवी. उंच केलेल्या वाहनात ती तिरकी उतरत असेल, तर प्रत्येक खड्ड्याला हातातील चाक आपोआप फिरते. आपल्याकडील वाहनांत सुकाणू उजवीकडे असते; परदेशी पुस्तकांतील आकृत्या बहुधा डावीकडच्या असतात. त्या जशाच्या तशा उतरविताना ही गोष्ट विसरली जाऊ नये.

तिसरी सुधारणा पेटी बदलण्याची. खुंट्यांऐवजी फिरत्या गोळ्यांवर चालणारी पेटी घर्षण पुष्कळ कमी करते. त्याच जातीची द्रवचलित पॉवर पेटी जोडली, तर एफसी-१५० सारख्या पुढे जड वाहनाचा जन्मजात जडपणाही जातो. परंतु तिचा जोर चासीच्या पत्र्यावर येतो. तो पत्रा मूळ पेटीच्या हलक्या जोरासाठी आखलेला असतो. योग्य पट्टीने तो बळकट केला नाही, तर पेटीच्या बोल्टांभोवती तडे जातात. शिवाय पॉवर पेटी ढिलाई नाहीशी करीत नाही, केवळ ती हाताला जाणवू देत नाही. झिजलेल्या सांध्यांवर चढविलेली पॉवर पेटी म्हणजे दुखऱ्या दातावर दिलेली गुंगी.

मर्यादा व जबाबदारी

सुकाणूच्या कामात काही गोष्टी वर्ज्य मानल्या पाहिजेत. टाय रॉड, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म व नकलचा बाहू हे कठीण केलेल्या पोलादाचे असतात. ते तापवून वाकवू नयेत, वेल्डिंगने लांब करू नयेत, तुटलेले जोडू नयेत. तापल्यावर पोलादाचा गुण बदलतो आणि तो बदल डोळ्यांस दिसत नाही. उपर्युक्त नियम ९८ मध्येच सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात व बोल्ट वा पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात, असेही सांगितले आहे. धूळ व राख यांच्या प्रदेशात त्या टोपीचे मोल सांध्याइतकेच आहे, आणि जुनी कॉटर पिन सरळ करून पुन्हा घालण्यातली बचत ही बचत नव्हे. निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत. तेव्हा पेटी बदलण्यासारख्या कामापूर्वी परिवहन कार्यालयाकडून स्थिती समजून घ्यावी. काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या जागी, मंद गतीने घ्यावी. चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कोणताही दांडा पाट्याला, टायरला वा ब्रेकच्या नळीला अडत नाही, याची खात्री करावी. आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

जुने वाहन नव्यासारखे चालावे ही अपेक्षा अवाजवी आहे. ते आपल्या मूळ योग्यतेने चालावे ही अपेक्षा मात्र रास्त आहे. येथे दिलेली कोनांची मापे सीजे-३बी व तिच्या पूर्वीच्या जीपची आहेत. अन्य नमुन्यांसाठी त्या-त्या वाहनाची पुस्तिका प्रमाण मानावी. क्रम मात्र सर्वांस सारखाच लागू आहे : टायर, बेअरिंग, किंग पिन, दांड्यांचे सांधे, बेल क्रँक, कोन, पेटी, आणि या सर्वांनंतर रचनाबदल. या क्रमाने गेल्यास पुष्कळ वाहनांचे काम चार-सहा सांधे, दोन बुश, काही शिमा आणि ग्रीस यांतच संपेल. ज्यांचे तेवढ्याने भागणार नाही, त्यांच्या बाबतीतही नवी पेटी निदान पक्क्या पायावर बसेल.